डिक्कीला हात न लावता

खोकेवाल्याला हल्ली माणसांचा कंटाळा आला होता आणि माणसांहून जास्त त्यांच्या गाड्यांच्या डिक्क्यांचा. तीस वर्षं तो डिक्क्यांमध्ये गुडघे मुडपून बसत आला होता. एखाद्या डिक्कीला ओल्या कुत्र्याचा वास, एखादीत सांडून वाळलेला रंग, तर एखादीत कधीच्या काळी हरवलेला बूट. गाडीत वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बसवायचा तर त्याला खोका लागतो. नुसता टांगून ठेवला तर तो फडफडतो फक्त, खर्जाचा आवाज काही देत नाही. असे खोके बनवण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून सगळे त्याला खोकेवाला म्हणत. आता मात्र त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते, लाकडाच्या भुशाने छाती भरली होती, आणि नव्या गाड्या कारखान्यातूनच आवाज घेऊन यायला लागल्या होत्या. यायचे ते जुन्या गाड्यांचे मालक, आणि त्यांचं मागणं ठरलेलं: स्वस्तात करा, दणक्यात वाजलं पाहिजे, आणि डिक्कीतली जागा जाता कामा नये.

"मग खोका काय माझ्या डोक्यावर ठेवू?" असं तो पूर्वी विचारायचा. हल्ली तेही विचारायचा त्याला कंटाळा येई.

शेड अर्धी त्याची होती आणि अर्धी त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई गाड्यांची सीटकव्हरं शिवायची. आयुष्यभर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे मशीन बंद असतानाही ती तशीच बोलायची. तिच्याशी गुपित बोलायचं म्हटलं तर आधी दोन गल्ल्या पलीकडे जावं लागलं असतं.

दारात खोकेवाल्याची स्वतःची जुनी करडी गाडी उभी असे. तिच्या डिक्कीत त्याने ऐन उमेदीत बनवलेला खोका होता. बारा-बारा इंची दोन वूफर, कडा हाताने घासून गोल केलेल्या, वर कापडाचं अस्तर. दुकानाची पाटी म्हणजे तो खोका. गिऱ्हाईक आलं की तो डिक्की उघडून दाखवायचा आणि गिऱ्हाईक "वा!" म्हणायचं. मात्र त्या डिक्कीत खोक्याखेरीज हातरुमालसुद्धा मावत नसे. ताई बाजारातून येताना भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसायची आणि दर खेपेला विचारायची, "अरे, ही गाडी आहे का वाजंत्र्यांची पेटी?" त्याची मुलगी तान्ही असताना रडायची थांबेना की तो तिला दुपट्यात गुंडाळून त्या खोक्यावर ठेवायचा आणि हळू आवाजात ठेका लावायचा. दोन मिनिटांत पोर गाढ झोपायची. आता ती दूरच्या शहरात संसार करत होती आणि तिला यातलं काही आठवत नव्हतं.

कामाची त्याची एक पद्धत होती आणि ती तो कुणासाठीही मोडत नसे. काम झालं की मालकाने आपल्या नेहमीच्या जागेवर बसायचं, डोळे मिटायचे आणि एक अख्खं गाणं ऐकायचं. कुठे खडखडलं, कुठे पत्रा थरथरला की हात वर करायचा. उघड्या डोळ्यांनी माणूस नवी बटणं बघत बसतो, ऐकत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. गाणं संपेपर्यंत हात वर गेला नाही तरच किल्ली मालकाच्या हातात पडे. पूर्वी लोकांना याचं कौतुक वाटायचं. आता ते मिटल्या डोळ्यांनी घड्याळ चाचपायचे.

टॅक्सीवाला आला तो मंगळवारी सकाळी, साडेअकराच्या सुमाराला. पस्तिशीचा असेल, पण डोळ्यांखालची वर्तुळं पन्नाशीची होती. गाडीतून उतरला आणि दाराला धरून क्षणभर उभाच राहिला.

"काका, वूफर बसवायचाय. पण हात जरा आखडता आहे. आणि डिक्कीला हात लावायचा नाही."

खोकेवाल्याने सुस्कारा सोडला. "स्टेपनीच्या खळग्यात बसवू. वरून फळी टाकतो. डिक्की जशीच्या तशी राहील."

"मग स्टेपनी कुठे ठेवू?"

"घरी ठेवतात लोक."

"आणि पंक्चर झालं म्हणजे? मागे बाई असतात, आजारी. त्यांना रस्त्यात बसवून स्टेपनी आणायला घरी पळू का?"

बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. दिवसाआड त्यांना डायलिसिससाठी इस्पितळात न्यायचं, अकराला सोडायचं, चारला परत आणायचं. चालता येत नसल्यामुळे चाकांची खुर्ची बरोबर. खोकेवाल्याने टॅक्सीची डिक्की उघडली. खुर्ची इस्पितळात बाईंपाशी होती, पण तिच्या चाकांचे दोन काळे पट्टे सतरंजीवर उमटले होते, एक या टोकाला, दुसरा थेट त्या टोकाला. खुर्ची आडवी टाकली की बोटभरही जागा उरत नसणार हे दिसतच होतं.

"बाई भारी बोलतात," टॅक्सीवाला म्हणाला. "जाताना गप्प असतात, पण येताना! घर येईपर्यंत तोंडाला खंड नाही. पाढे काय विचारतात, नद्यांची नावं काय विचारतात. मी लहान असताना एवढा अभ्यास केला असता ना काका, तर आज टॅक्सी चालवत नसतो. डोकं भणभणतं अगदी."

खोकेवाला तोवर पुढचं दार उघडून वाकला होता. डिक्की नाही म्हटल्यावर उरते ती सीटखालची जागा. त्याने चालकाच्या सीटखाली हात घातला आणि हाताला लागेल ते बाहेर काढत गेला. कॉफीच्या रिकाम्या पुड्या, मूठभर. डोकेदुखीच्या मलमाची चपटी डबी, तळ घासून संपवलेली. पाण्याचा फवारा मारायची बाटली. कपडे वाळत घालायचा चिमटा. आणि एक मोठी सेफ्टी पिन, टोक उघडं ठेवलेली.

ताई मशीनवरून उठून आली होती. तिचं लक्ष सीटकव्हरवर गेलं. उजव्या मांडीच्या कडेला कापडाला बारीक बारीक भोकं पडली होती, ओळीने.

"पिन टोचून घेतोस?" तिने विचारलं. तिच्या आवाजामुळे रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं.

टॅक्सीवाल्याचे कान लाल झाले.  मग तो शेडच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "काका, गाणी ऐकायला नकोय मला वूफर. मला गाडी चालवताना झोप लागते."

गाडी दोघांत होती. दिवसा हा चालवायचा, रात्री त्याचा दोस्त. दोस्त दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे निघून गेला, हप्ते मात्र कुठे गेले नाहीत. तेव्हापासून दोन्ही पाळ्या याच्याच अंगावर पडल्या होत्या. पहाटे पावाच्या भट्टीचा माल पोचवायचा, मग बाई, मग भाडी, मग रात्रीची भाडी. झोप मिळेल तेव्हा आणि मिळेल तितकी, बहुतेक गाडीतच, मान वाकडी करून.

"गेल्या महिन्यात बाईंना घेऊन येत होतो. पुलावर. हॉर्नचा आवाज आला म्हणून डोळे उघडले तर गाडी उलट्या बाजूला, आणि समोर ट्रक. कसं वळवलं माझं मला माहीत. बाईंना काही कळलं नाही, त्या मागे आपल्या बोलतच होत्या. पण काका, मागे बाई होत्या. मी एकटा असतो तर एक वेळ..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "बायकोला सांगितलं नाही. तरी तिला काहीतरी वास लागलाय. तासातासाला फोन करते. दुसरं काही बोलत नाही. जागे आहात ना, एवढंच."

"अरे, मग झोप काढ ना बाबा," ताई म्हणाली.

"कधी?" त्याने खरोखरच्या कुतूहलाने विचारलं. "म्हणून म्हटलं, सीटच्या खाली वूफर असला, बुडाखाली सारखे दणके बसत राहिले, की झोपणार कसा माणूस?"

यावर खोकेवाल्याने काहीतरी बोलायला हवं होतं. तीस वर्षं खर्जाच्या आवाजात काढलेल्या माणसाला एक साधी गोष्ट सुचायला हवी होती. पण त्याचं डोकं सीटखाली अडकलं होतं. जमिनीपासून सीटच्या लोखंडापर्यंत चार बोटं जागा. मध्ये सीट सरकवायचे दोन रूळ. त्यात बसेल असा खोका कुणी कधी केला नव्हता. त्याने ताईच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि जमिनीवर आडवा झाला.

"तुझ्या डिक्कीतली सूतभर जागा जाणार नाही," तो खालून म्हणाला. "आणि नवीन काही विकत घ्यायचं नाही. परवा आण गाडी."

पुढचे दोन दिवस ताईला आपला भाऊ ओळखू येईना. जेवताना तो ताटाशेजारी खडूने रेघा ओढत होता. भंगारात निघालेल्या एका गाडीतला आठ इंची चपटा वूफर त्याच्याकडे पडून होता, तो त्याने शोधून काढला. शिल्लक राहिलेल्या प्लायच्या पट्ट्या कापल्या. भुसा आणि सरस कालवून सांधे भरले, कारण बंद खोक्याला सुईएवढी फट राहिली तरी दम जातो. वूफरचं तोंड खाली, जमिनीकडे केलं, म्हणजे उंची वाचते. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला अँप्लिफायर दुरुस्त केला. तो शेजारच्या सीटखाली जाणार होता. अस्तराला ताईकडच्या कव्हराची कात्रणं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचे गुडघे दुखले नाहीत, किंवा दुखले असतील तरी त्याला कळलं नाही. एवढ्याशा जागेत एवढा आवाज! रात्री झोपेतही तो गालात हसत असावा, असं ताई दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती.

गुरुवारी बाईंना सोडून टॅक्सीवाला थेट शेडवर आला. ताईने त्याला स्टूल दिलं तर तो बसेना.

"बसलो की संपलं, ताई. चारला बाईंना आणायचंय. एकदा डोळा लागला तर उद्याच उघडेल."

मग तो चार तास उभ्यानेच टॉर्च धरून राहिला. खोकेवाल्याने सीटचे बोल्ट सोडले, सीट बाहेर काढून कव्हराची भोकं शिवायला ताईच्या ताब्यात दिली. बॅटरीपासून तार आणली, बॅटरीच्या जवळच फ्यूज लावला, तार दाराच्या कडेच्या पट्टीखालून नेली. वूफरच्या दोन टोकांना टॉर्चचा एक सुटा सेल क्षणभर टेकवला. पडदा बाहेर उसळला, म्हणजे हे टोक अधिक. यंत्राने मोजण्यापेक्षा त्याला हेच खात्रीचं वाटायचं. टॉर्चचा उजेड अधूनमधून खाली खाली यायचा, छताकडे उडायचा आणि परत जागेवर यायचा. प्रत्येक वेळी टॅक्सीवाला "सॉरी काका" म्हणायचा. दर तासाला त्याचा फोन वाजायचा आणि तो म्हणायचा, "हो. जागा आहे."

तीन वाजता सीट परत जागेवर बसली. मागेपुढे सरकवून पाहिली. खोक्याला घासतसुद्धा नव्हती. डिक्की उघडून पाहिली. ते दोन काळे पट्टे, बाकी मोकळी. खोकेवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याला आनंद झाला होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"बस," तो म्हणाला. "डोळे मिट. एक गाणं."

टॅक्सीवाला चपापला. "काका, उघड्या डोळ्यांनी ऐकतो ना. डोळे नका मिटायला लावू."

"नियम म्हणजे नियम. तीस वर्षांत कुणाला सोडलं नाही."

"पण काका..."

"चार मिनिटांचं तर गाणं आहे. बुडाखाली दणके बसणार आहेत, तूच म्हणालास ना? झोपशील कसा?"

टॅक्सीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग सीटवर बसला आणि डोळे मिटले. इंजिन बंदच होतं. खोकेवाल्याने गाणं लावलं आणि हाताचा पंजा दारावर टेकवला. पत्रा गप्प होता. छतावर टेकवला, तेही गप्प. आवाज खालून येत होता, जाड, मऊ, एकसारखा, आणि कानांपेक्षा पाठीला जास्त कळत होता. कुठे खडखड नाही, कुठे फडफड नाही. त्याने बॉनेटपासून डिक्कीपर्यंत गाडीला एक फेरी मारली. टॅक्सीवाल्याचा हात वर गेला नव्हता. गाणं संपलं. हात वर गेला नव्हता. पुढचं गाणं आपोआप सुरू झालं.

"कसं काय?" खोकेवाल्याने खिडकीतून विचारलं.

टॅक्सीवाल्याचं तोंड किंचित उघडं होतं. मान कलली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

ताईने मशीन थांबवलं. ती येऊन भावाच्या शेजारी उभी राहिली आणि काही वेळ बघत राहिली. मग, आयुष्यात पहिल्यांदा असेल कदाचित, हळू आवाजात म्हणाली, "अरे, तुझी पोर कशावर झोपायची?"

खोकेवाला गाडीपासून एक पाऊल मागे सरकला. त्याला माहीत होतं. त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. एकसारखा खालचा आवाज माणसाला जागं ठेवत नाही, जोजवतो. दोन दिवस तो चार बोटं जागेचं कोडं सोडवत बसला, आणि जागा कशासाठी हवी होती तेच विसरला. एका पेंगणाऱ्या माणसाच्या बुडाखाली त्याने पाळणा बसवला होता. सरसाने सांधे बुजवून, अस्तर लावून, फुकटात. हा माणूस असाच किल्ली घेऊन गेला असता तर? बाईंना घेऊन पुलावर चढला असता तर? त्याला स्वतःची लाज वाटली.

"उठवू?" ताईने विचारलं. "साडेतीन होत आलेत."

तेवढ्यात फोन वाजला. टॅक्सीवाल्याच्या खिशातच वाजत होता, पण तो हलला नाही. खोकेवाल्याने खिडकीतून हात घालून फोन काढला. बोलायला तोंड उघडण्याआधीच तिकडून आवाज आला.

"जागे आहात ना?"

"मी त्यांच्या गाडीचं काम करणारा बोलतोय," खोकेवाला म्हणाला. "ते झोपलेत."

 पलीकडून एक श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि खोकेवाल्याला आपण काय बोललो ते कळलं.

"नाही नाही, ऐका, गाडी बंद आहे! माझ्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन बंद. किल्ली, थांबा, ही बघा काढली, किल्ली माझ्या हातात आहे." त्याने खरोखरच किल्ली काढली आणि तिला दिसणार असल्यासारखी फोनसमोर धरली.

ती रडत होती का हसत होती ते कळेना. "उभी आहे ना? नक्की?"

"नक्की. पण चारला त्या बाईंना आणायचंय. उठवू का?"

"काका," ती म्हणाली. "नका ना उठवू. मी दुसरी टॅक्सी बघते बाईंसाठी. पण खुर्ची बघितली की कुणी थांबत नाही हो. मागे यांना ताप होता तेव्हा बाई दोन तास फाटकापाशी बसून होत्या."

खोकेवाल्याने आपल्या करड्या गाडीकडे पाहिलं. ताईनेही पाहिलं. दोघांच्या मनात एकच गोष्ट आली, ती म्हणजे त्या गाडीची डिक्की.

"मी जातो," तो म्हणाला. "इस्पितळ कुठलं ते सांगा, आणि बाईंना फोन करून कळवा, करडी गाडी आहे."

खोका आठ बोल्टांनी जखडलेला होता. तीन सहज सुटले, बाकीचे गंजले होते. त्याने तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, शिव्या दिल्या. शेवटचा बोल्ट त्याने करवतीचं पातं लावून कापला. तारा ओढून काढल्या. ताईने एक बाजू धरली, त्याने दुसरी, आणि दोघं वयाला न शोभणारे आवाज काढत ते धूड ओढत बाहेर आले. खोका शेडच्या जमिनीवर ठेवला तेव्हा त्याच्या खालची डिक्की दिसली, तीस वर्षांपूर्वीच्या रंगाची, कोरी. ताई बघतच राहिली.

"एवढी मोठी होती?" ती म्हणाली. "आणि मी मेली भाजी मांडीवर!"

टॅक्सीच्या चारही काचा खाली करून, थेट बॅटरीवर चालणारं गाणं हळू आवाजात तसंच चालू ठेवून आणि टॅक्सीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकून खोकेवाला निघाला.

बाई इस्पितळाच्या फाटकापाशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, हाताला पट्टी आणि मांडीवर पिशवी. इस्पितळातल्या माणसाच्या मदतीने त्यांना मागच्या सीटवर बसवलं. खोकेवाल्याने खुर्ची मिटवली आणि डिक्कीत आडवी टाकली. अगदी बसली.

गाडी रस्त्याला लागली. आता पाढे सुरू होणार म्हणून तो मनाची तयारी करून बसला होता. पण मागून काहीच आवाज येईना.

"तो कुठे आहे?" बाईंनी बऱ्याच वेळाने विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता. "त्याची बायको म्हणाली, झोपलाय."

"माझ्या शेडमध्ये. गाडी बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे," खोकेवाला घाईने म्हणाला. एव्हाना त्याला हे वाक्य कोणत्या क्रमाने बोलायचं ते कळलं होतं.

बाईंनी श्वास सोडला. "बरं झालं. तुम्हाला म्हणाला असेल, बाई फार बडबडतात म्हणून."

खोकेवाल्याने गिअर बदलला. "थोडंसं म्हणाला."

"म्हणू दे. ते यंत्र चार तास रक्त धुतं. नंतर जीभ उचलायचं बळ नसतं हो अंगात. डोळे नुसते मिटत असतात. पण मी मिटले की तोही मिटतो. त्या दिवशी पुलावर माझाच डोळा लागला होता. हॉर्नने दोघं एकदमच जागे झालो. मी बघितलं हे त्याला कळलं असतं तर तो मेल्याहून मेला असता, म्हणून लगेच सतराचा पाढा म्हणायला लागले. मध्येच कुठून तरी. तेव्हापासून घर येईपर्यंत तोंड मिटलेलं नाही मी."

"अहो, मग सांगायचं त्याला. नाहीतर दुसरं कुणी बघायचं."

"मला उचलून ठेवताना तो दर वेळी विचारतो, बाई, दुखलं का? दुसरा कोण विचारणार आहे?"

खोकेवाल्याला आठवलं की मघाशी बाईंना बसवताना आपण काही विचारलं नव्हतं. पुढे पूल दिसायला लागला.

"तुमची रात्री झोप झाली का हो?" बाईंनी विचारलं.

"झाली."

"खरं सांगा. मी मास्तरीण आहे, मला कळतं."

"खरंच झाली, बाई. दहाला आडवा होतो, सहाला उठतो. आणि परवा सकाळीही मीच येणार आहे तुम्हाला न्यायला. तो झोपेल."

हे त्याने आत्ताच ठरवलं होतं, किंवा बोलल्यावर ठरलं. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "मग मी जरा डोळे मिटू का?"

शेकडो लोकांना त्याने डोळे मिटायला लावले होते. परवानगी मागणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

"मिटा, बाई," तो म्हणाला.

पूल सुरू व्हायच्या आत त्यांची मान काचेला टेकली. गाडीत तीस वर्षांत पहिल्यांदाच काही वाजत नव्हतं. खोकेवाल्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि वेग आणखी कमी केला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली आणि आरशात पाहिलं. बाई जाग्या झाल्या नव्हत्या.